दूध आणायला नेदरलँडला

बुधवार

उद्या फ्रोनलाइखनाम. कॅथलिक लोकांचा हा सण दरवर्षी मे-जूनमधल्या एका गुरुवारी येतो. मी राहते त्या जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात त्याची सरकारी सुट्टी असते, बर्लिनला नसते. इथं सुट्टी म्हणजे दुकानांना कुलूप. त्यामुळे आदल्या संध्याकाळी अख्खं आखेन शहर पिशव्या घेऊन रांगेत उभं असतं.

मी मात्र प्रयोगशाळेत पितळेचा एक नमुना घासत बसले होते. तुकडा आधी जाड सँडपेपरवर घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी तो नव्वद अंशांत फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. शेवटी हिऱ्याच्या पेस्टने आरशासारखा करायचा. एखादा ओरखडा राहिला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो नांगराच्या तासासारखा दिसतो. माझा राहिला होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर पडले तेव्हा सव्वादहा झाले होते आणि दुकानं दहालाच मिटली होती.

घरी फ्रिजमध्ये अर्धा कांदा, वाटीभर दही आणि आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. भात लावला, दहीभात-चटणी खाल्ली. दूध नाही म्हणजे सकाळचा चहा नाही. माझ्यासोबत राहणारी स्पॅनिश मुलगी खोलीतूनच म्हणाली, "मग उद्या फाल्सला जा. तिथं सुट्टी नाहीये."

फाल्स नेदरलँडमध्ये आहे. माझ्या खोलीपासून चालत पाऊण तास. इथं दहा महिने राहूनही दुधासाठी दुसऱ्या देशात जायचं हे वाक्य कानाला नवंच वाटलं. आमचं घर निपाणीचं. कोगनोळीच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे कर्नाटक, एवढीच सीमा मला जन्मापासून माहीत. ती एकाच देशातली असूनही तणाव वाढला की एसटी बंद होते, दोन्हीकडच्या गाड्या आपापल्या हद्दीत उभ्या राहतात आणि कोल्हापूरला कॉलेजात निघालेली पोरं स्टँडवरून घरी परततात. मी पुण्याला शिकले ते आमचं गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडून. माझी भाषा कोणती हे सिद्ध करणारा तो कागद आजही फाईलमध्ये आहे. जर्मनीला येताना कुणी मागणार नाही हे ठाऊक असूनही आईने तो बॅगेत घातला.

शनिवारी व्हेनबान या जुन्या रेल्वेमार्गावर सायकल मारायचं आधीच ठरलं होतं. चार दिवस मोकळे आहेत, तेव्हा या वेळी एकेक सीमा पायी, बसने, सायकलने पाहूनच येऊ, असं झोपताना ठरवलं.

गुरुवार

सकाळी कॅथेड्रलच्या घंटांनी जाग आली. आज सणाची मिरवणूक. हे कॅथेड्रल म्हणजे मुळात सम्राट शार्लमेनचं प्रार्थनाघर. इ. स. ८१४ मध्ये तो वारला आणि इथंच पुरला गेला. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी काढली, तिच्यातल्या बारा ठिकाणांपैकी हे एक. जर्मन त्याला कार्ल म्हणतात, फ्रेंच शार्लमेन, आणि दोघंही तो आपलाच मानतात. मिरवणुकीला मी थांबले नाही. पोटात चहा नव्हता.

फाल्सचा रस्ता सरळ पश्चिमेला जातो. डावी-उजवीकडे घरं, मग शेतं, आणि लांबून विद्यापीठाचं अवाढव्य रुग्णालय दिसतं. त्याचे पाइप आणि झडपा सगळं बाहेरच्या अंगाला असल्याने नवख्याला तो साखर कारखानाच वाटेल. त्याच्यापुढे थोडं गेलं की सीमा येते. फाटक नाही, चौकी नाही, नाका नाही. मी खाली बघत चालत होते म्हणून एवढं टिपलं: डांबराचा रंग बदलला, सायकलचा पट्टा लाल झाला आणि खिशातला फोन थरथरला. नेदरलँडमध्ये आपलं स्वागत आहे, दर तेच. २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत. मागे वळून पाहिलं तर एक बाई कुत्रा घेऊन जर्मनीतून येत होती. कुत्रा बरोबर रेषेवर थांबला, हुंगला आणि पुढे आला.

खरेदी परतताना करायची म्हणून आधी टेकडी चढायला घेतली. फाल्सरबर्ग. उंची ३२२ मीटर, आणि तेवढ्यावर ती युरोपातल्या नेदरलँडचं सर्वोच्च टोक आहे. आमच्याकडे एवढ्या उंचीला कुणी नावसुद्धा देणार नाही. वर जाणाऱ्या रस्त्याचं नाव फिरग्रेन्झेनवेग, म्हणजे चार सीमांचा रस्ता. टेकडीवर देश मात्र तीनच भेटतात: जर्मनी, नेदरलँड, बेल्जियम. मग चौथा कुठला?

तो चौथा देश माझ्या अभ्यासाच्या, म्हणजे धातूंच्या, विषयातूनच निघाला. नेपोलियन पडल्यावर युरोपची वाटणी झाली तेव्हा प्रशिया हे जर्मन राज्य आणि नेदरलँड यांच्यात या टेकडीखालच्या एका खाणीवरून ताणाताणी झाली. खाण जस्ताच्या खनिजाची होती आणि ते दोघांनाही हवं होतं. शेवटी १८१६ मध्ये खाणीभोवतीचा साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा बाजूला काढून त्याला दोघांचा किंवा कुणाचाच नाही असा दर्जा दिला. तटस्थ मोरेसनेट. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास माणसं. शतकभर ही जागा तशीच राहिली. १८८५ मध्ये खाण आटली तरी गाव तटस्थच. १९०८ मध्ये तिथल्या एका डॉक्टरच्या पुढाकाराने तो एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा बोलणारा देश करायची चळवळ झाली, नावही ठरलं: अमिकेयो, मैत्रीची जागा. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तो तुकडा बेल्जियमला मिळाला आणि टेकडीवरच्या चार सीमा तीन झाल्या. रस्त्याचं नाव तेवढं राहिलं.

टेकडीवर गर्दी होती. बटाट्याच्या फ्रीतचा वास, पोरांचा दंगा, दोन उंच मनोरे, एक डच हद्दीत आणि एक बेल्जियमच्या. मधोमध सीमेचा दगड. लोक त्याच्याभोवती पाय पसरून एकाच वेळी तीन देशांत उभे राहिल्याचे फोटो काढत होते. मीही दगडाला हात लावला. उन्हाने तापला होता, वरची कड लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. आमच्याकडे शेताच्या बांधावरच्या दगडासाठी भाऊभाऊ कोर्टात जातात. इथं तीन राज्यांच्या दगडावर एक चार वर्षांची पोर बसून आइस्क्रीम खात होती.

तिथून बेल्जियमच्या बाजूने जंगलात उतरले. बीचची उंच झाडं, खाली गारवा. तासाभरात केल्मिस. हेच ते तटस्थ गाव. फ्रेंचमध्ये याचं नाव ला कॅलामिन. उन्हाळ्यात घामोळ्यांवर आपण जे गुलाबी कॅलामाइन लोशन लावतो, ते आणि हे नाव एकच: जस्ताचं खनिज. पाटी दोन्ही भाषांत होती, जर्मन वर आणि फ्रेंच खाली. फोटो काढून ठेवला.

इथं मला एक फूल बघायचं होतं. आमच्या प्राध्यापकांनी वर्गात त्याचं चित्र दाखवलं होतं: गाल्माईची व्हायोला. खाणीच्या जुन्या मातीत जस्त इतकं असतं की साधं गवतही नीट धरत नाही, आणि हे फूल नेमकं तिथंच उगवतं. दूरवर शोधायची गरज पडली नाही. ओसाड उताराच्या कडेला गुडघ्यांवर बसले तर समोरच होतं. हरभऱ्याच्या दाण्याहून जरा मोठं, पिवळंधमक, पाच पाकळ्या, खालच्या पाकळीवर गळ्याकडे जाणाऱ्या बारीक काळसर रेघा, कुणी टोकदार पेनाने ओढल्यासारख्या. देठ करंगळीएवढा. आजूबाजूची माती करडी, भुसभुशीत. पूर्वीचे खाणवाले या फुलावरून जमिनीत काय आहे ते ओळखत.

या भागाला जस्ताचं वेड लागलं ते पितळेमुळे. जस्त ९०७ अंशांना उकळतं. भट्टीत खनिज तापवलं की धातू हाती येण्याआधी वाफ होऊन उडून जातो, म्हणून युरोपात शतकानुशतकं जस्त हा धातू म्हणून कुणी वेगळा पाहिलाच नव्हता. ते खनिजाची पूडच तांब्यात मुरवून पितळ करायचे, आखेनजवळच्या श्टोलबेर्ख गावाची भरभराट त्यावरच झाली. राजस्थानात झावरच्या कारागिरांनी मात्र वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीतून ती वाफ खाली उतरवून, थंड करून धातू पकडला होता, युरोपच्या कित्येक शतकं आधी. इथल्या वर्गात सरांनी झावरचं नाव घेतलं तेव्हा मी वहीत ते दोनदा अधोरेखित केलं होतं.

परत टेकडी ओलांडून फाल्स. दुकानं उघडी, रोजचा कामाचा दिवस, आणि आत अर्धं आखेन. दूध, अंडी, कांदे, पालक घेतला. शेजारच्या ढकलगाडीत एका जर्मन काकूंनी कॉफीची आठ पाकिटं रचली होती. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो कर आहे, इथं नाही. माझ्या घरमालकीण आजींनी सांगितलेली गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कर इतका चढा होता की या सीमेवर कॉफीची प्रचंड तस्करी चालायची. पोरं कपड्यांत लपवून आणायची, टोळ्या लष्कराच्या जुन्या गाड्यांतून आणायच्या आणि मागे लागलेल्यांच्या टायरसाठी रस्त्यावर खिळे फेकायच्या. कस्टमवाल्यांनी मग आपल्या पोर्शे गाडीपुढे खिळे झाडायला ब्रश बसवला. गोळीबार झाले, माणसं मेली. १९५३ मध्ये कर उतरवला आणि तस्करी थांबली. आयफेलच्या डोंगरातल्या श्मिट गावचं चर्च त्या पैशाच्या हातभाराने पुन्हा उभं राहिलं म्हणून लोक त्याला अजून संत मोका, म्हणजे संत कॉफी, म्हणतात.

मी एक पाकीट घेतलं. आजींसाठी. रिकाम्या डच बाटल्या जर्मनीतल्या अनामत परत देणाऱ्या यंत्रात चालत नाहीत, हे लक्षात ठेवून पाणी मात्र घेतलं नाही. सीमा पुसली गेली म्हणतात, पण बाटलीवरच्या अनामतीत ती शिल्लक आहे. जर्मनीत पंचवीस सेंट, इथं छोट्या बाटलीला पंधरा.

संध्याकाळी साडेसातला पहिला चहा. आलं घालून.

शुक्रवार

मास्ट्रिख्तला बसने गेले. आखेनहून फाल्सवरून जाणारी ३५० नंबरची बस, तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना लहान टेकड्या, गाई आणि सफरचंदाच्या बागा. नेदरलँड सपाट असतं असं भूगोलात शिकलेलं, इथं मात्र बस चढ चढताना गिअर बदलत होती.

शुक्रवारी तिथं बाजार भरतो. कापडाचे तागे, चीज, मासळी. तळलेल्या माशाचे तुकडे, किब्बेलिंग, कागदी द्रोणात घेऊन मास नदीवरच्या दगडी पुलावर उभी राहून खाल्ले. पूल तेराव्या शतकातला. पुढे एका गॉथिक चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, डॉमिनिकन साधूंचं जुनं चर्च. उंच कमानींखाली काळ्या लोखंडी मांडणीत तीन मजले पुस्तकं. वर चढलं की छतावरची फिकी चित्रं हाताच्या अंतरावर येतात. तिथं मी दीड तास बसले.

ज्या इमारतीत ७ फेब्रुवारी १९९२ ला मास्ट्रिख्तचा करार झाला, ती नदीकाठची प्रांतिक सरकारची इमारत बाहेरूनच पाहिली. युरोपीय संघ आणि पुढे युरो या कागदातून आले. समोर काही तरुण मुलं वल्हवत होती.

परतीच्या बसमध्ये, फाल्स ओलांडल्यावर, दोन पोलिस चढले. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. रोज नसते, पण असू शकते. ते मधल्या वाटेने आले. पुढच्या आजोबांना मान हलवून पुढे गेले, हेडफोन लावलेल्या दोघा गोऱ्या मुलांना काही विचारलं नाही, माझ्यापाशी थांबले. मी पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड दोन्ही दिलं. युरोपबाहेरच्यांनी दोन्ही जवळ ठेवावीत, नुसत्या कार्डावर निघू नये, असं मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अधिकारी बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं, नम्रपणे धन्यवाद म्हटलं. वीसेक सेकंद गेले असतील.

काही झालं नाही, तरी छाती धडधडत राहिली. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर कोरोनाच्या चाचणीचा कागद मागत होते. बाबा आणि मी कोल्हापूरच्या दवाखान्यातून रात्री परतत होतो. घर बारा-पंधरा किलोमीटरवर आणि आम्ही गाडीतच बसून. त्या रात्री बाबा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. बसमध्ये माझीही बोटं तशीच हलत होती, हे उतरताना ध्यानात आलं.

शनिवार

आजचा दिवस सगळ्यात मोठा, सत्तर किलोमीटरचा.

व्हेनबान ही प्रशियाने १८८० च्या दशकात बांधलेली रेल्वे. एका दिशेला कोळसा जायचा, दुसऱ्या दिशेने लक्झेंबर्गकडचं लोहखनिज यायचं. आता रूळ काढून सायकलचा रस्ता केलाय, आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटर. कोळशाच्या जड गाड्या ओढायच्या म्हणून चढ मुळातच हलका ठेवलेला, त्यामुळे माझ्यासारखीला डोंगर चढता येतो. सोबत लातूरची मैत्रीण. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ.

रोटे एर्डे स्टेशनापासून निघालो. कोर्नेलिम्युन्स्टरला दगडी पुलावरून खाली जुनं मठाचं गाव दिसतं, पाटीवर ठेवलेल्या खेळण्यांसारखं. त्यापुढे गायरानात सिमेंटचे टोकदार सुळके ओळीने उभे होते. रणगाडे अडवायला हिटलरच्या राजवटीने उभारलेली ही रांग. आता त्यांच्यामध्ये गवत वाढलंय आणि एक वासरू एका सुळक्याला अंग घासत होतं. पुढचं रोएटगेन हे दोस्त सैन्याने १२ सप्टेंबर १९४४ ला घेतलेलं पहिलं जर्मन गाव.

या रस्त्याची नवलाई अशी की पहिल्या महायुद्धानंतर ही रेल्वे बेल्जियमला मिळाली, आणि जिथं ती जर्मनीतून जाते तिथं रुळाखालची जमीनसुद्धा. आजही ती पट्टी बेल्जियमचीच आहे. म्हणजे काही ठिकाणी मी काही मीटर रुंदीच्या बेल्जियमवर सायकल चालवत होते आणि डावीकडे जर्मनी, उजवीकडेही जर्मनी. रेषेच्या पलीकडे राहिलेले जर्मनीचे तुकडे बेटासारखे सुटे पडलेत. असे पाच आहेत. त्यातलं र्‍युकश्लाग म्हणजे एक घर आणि त्याची बाग. आम्ही कुंपणाबाहेर थांबून पाहिलं. दोरीवर चादरी वाळत होत्या, दाराशी पिवळे गमबूट.

कोन्त्सेनच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. पंप होता, ठिगळ नव्हतं. झाडाखाली सायकल उलटी करून बसलो तेवढ्यात सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ थांबले. काही न विचारता त्यांनी पिशवी उघडली, ट्यूब बाहेर ओढली, ओठांजवळ फिरवून हवेची झुळूक कुठं लागते ते पाहिलं. आमच्या निपाणीच्या सायकलवाल्यासारखी पाण्याची परात नव्हती, तरी भोक अर्ध्या मिनिटात सापडलं. बारीक सँडपेपरने तो भाग घासताना ते तुकडा आडवा-उभा फिरवत होते, मला बुधवारची प्रयोगशाळा आठवली. सोल्यूशन लावून फुंकर मारून ते थांबले. म्हणाले, "इथं घाई करायची नाही."

तेवढ्या वेळात बोलणं झालं. ते राएरेनचे, म्हणजे बेल्जियमचे, पण बोलत होते अस्सल जर्मन. मी त्यांना जर्मन समजून कौतुक केलं तर हसून म्हणाले, "मी बेल्जियन आहे." मग सांगितलं. त्यांची आई जन्मली तेव्हा गाव बेल्जियमचं होतं. आजी जन्मली तेव्हा जर्मनीचं. १९२० मध्ये बेल्जियम, १९४० मध्ये पुन्हा जर्मनी, १९४४ मध्ये पुन्हा बेल्जियम. आजीने घर एकदाही बदललं नाही. मामाला जर्मन सैन्यात जबरदस्तीने नेलं, तो रशियातून परत आला नाही. युद्धानंतर बेल्जियममध्ये त्यांच्याकडे संशयाने बघायचे, शाळेत फ्रेंच बोलायला लावायचे. हे सांगताना त्यांचा अंगठा ट्यूबवरच्या ठिगळावर दाबलेला होता.

मी त्यांना तो प्रश्न विचारला जो आमच्या घरी तीन पिढ्या विचारला जातोय. तुम्हाला पलीकडे जायचंय का? जर्मनीत?

"कशाला?" ते म्हणाले. "माझी नातवंडं जर्मनमध्ये शिकतात. ओयपेनला आमचं स्वतःचं पार्लमेंट आहे. टॅक्सचं पत्र येतं ते जर्मनमध्ये येतं."

बेल्जियममधले जर्मनभाषक ऐंशी हजारांच्या आसपास. नऊ नगरपालिका. एखाद्या लहान तालुक्याएवढी वस्ती. १९६३ च्या भाषा कायद्याने त्यांच्या भाषेला जागा मिळाली, १९७३ मध्ये सांस्कृतिक परिषद बसली, १९८४ पासून त्यांचं स्वतःचं सरकार आहे. जर्मन ही देशाची तिसरी अधिकृत भाषा. सगळं एका दिवसात झालेलं नाही, युद्धानंतर चाळीस वर्षं लागली. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, हेही मला तिथंच आठवलं.

माझा आज्जा १ नोव्हेंबर १९५६ ला सातवीत होता. मुंबई राज्यातलं निपाणी त्या दिवशी म्हैसुरात गेलं. अजून दर १ नोव्हेंबरला तो काळी पट्टी दंडाला बांधतो. त्याला मराठी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत लागतं, पण स्वतःच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. तो वाचायला त्याला माझा धाकटा भाऊ लागतो. भाऊ कन्नड उत्तम वाचतो, त्याचे मित्र कन्नड, त्याला त्या भाषेबद्दल राग नाही आणि मलाही नाही. पण उतारा हातात घेऊन आज्जा खुर्चीत गप्प बसतो आणि भाऊ शाळेतून यायची वाट बघतो, ते मी लहानपणापासून पाहिलंय. माझं मत असं झालंय की रेषा कुठून जाते यापेक्षा तो कागद कुठल्या भाषेत येतो याने माणूस जास्त दुखावतो. आज्जाला हे पटणार नाही. त्याला रेषाच हलवून हवी आहे आणि त्याच्या दुःखाचा मान मला आहे.

चाक भरलं. त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, दशमी मात्र घेतली, चटणीसकट, आणि तिखट लागूनही संपवली.

मोन्शाऊ गाव दरीत आहे. रूर नदीच्या दोन्ही काठांना लाकडी चौकटींची काळी-पांढरी घरं. मोहरी दळायची जुनी गिरणी अजून चालते, बाहेर उभं राहिलं तरी डोळ्यांना वास चावतो. मैत्रिणीने बरणी घेतली. गर्दी फार होती, अर्ध्या तासात निघालो. दरीतून वर आल्यावर परतीला उतार, वारा पाठीला, रोएटगेनपर्यंत पायडल मारावंच लागलं नाही.

रविवार

पाय दुखत होते. जर्मनीतला रविवार शांत असतो. ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत. कपडे धुतले, घरमालकीण आजींना कॉफी दिली. त्यांनी पाकीट नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, लहानपणी हा वास आला की आई दार लावून घ्यायची.

दुपारी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होत आली होती, पावसाने अंगणात चिखल झालेला. आईने पालकाचं काय केलंस ते विचारलं. मग आज्जा आला. त्याला मी दगड सांगितला, खाण सांगितली, खिळे झाडणारी पोर्शे सांगितली. तो "हं, हं" करत ऐकत होता. जर्मनीचे पाच सुटे तुकडे, एका घराचं बेट, हे ऐकून म्हणाला, "घर कुणाच्या नावावर हाय?" मग मी राएरेनच्या गृहस्थांचं सांगितलं, सावकाश, टॅक्सच्या पत्रापर्यंत.

पलीकडे बराच वेळ पावसाचाच आवाज.

"पाट्या कुठल्या भाषेत हाईत तिथं?"

मी केल्मिसच्या पाटीचा फोटो पाठवला. भावाने फोन त्याच्या हातात दिला. आज्जाने चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन डोळ्यांजवळ धरली आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. जर्मन त्याला येत नाही, फ्रेंचही नाही.

"वरचं त्यांचं?" त्याने विचारलं.

"व्हय, आज्जा."

त्याने फोटो आणखी मोठा केला.